जागा नाही म्हणून मागे ठेवता, तर तसे लिहून द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

विमानात जितक्या जागा असतात त्यापेक्षा जास्त तिकिटे विकली जातात आणि त्यापायी पक्के तिकीट हाती असलेल्या प्रवाशालाही कधीकधी विमानतळावरच मागे ठेवले जाते, हे आता कोणाला नवीन राहिलेले नाही. अशा प्रवाशाला भरपाई मिळावी असा नियमही आपल्या देशात २०१० पासून आहे. तरीसुद्धा ती भरपाई प्रत्यक्षात पदरात पडलेला प्रवासी शोधूनच काढावा लागतो. नियमातील रकमेबद्दल माझ्या तक्रारी आहेत आणि त्या पुढे मांडतोच; परंतु खरी अडचण एका साध्या कागदाची आहे. आपल्याला का मागे ठेवले, हे लिहिलेला कागद प्रवाशाला काउंटरवर मिळत नाही, आणि तो नसल्यामुळे पुढचा सगळा नियम कोरडाच राहतो. मी चिपळूणला विमानाच्या आणि रेल्वेच्या तिकिटांचा व्यवसाय करतो. तेव्हा या विषयात माझा पोटापाण्याचा संबंध आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

नियम काय आहे ते प्रथम सांगतो, कारण तिकीट घ्यायला येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तो ठाऊक असतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, ऑगस्ट २०१० मध्ये तो लागू केला आणि २०१६ मध्ये भरपाईच्या रकमा बऱ्याच वाढवल्या. जागा कमी पडत असतील तर कंपनीने आधी स्वखुशीने मागे राहायला कोण तयार आहे हे विचारायचे आणि त्याला काही मोबदला देऊ करायचा, असे त्यात म्हटले आहे. कोणीच पुढे आले नाही आणि प्रवाशाला त्याच्या इच्छेविरुद्ध मागे ठेवले, तर मूळ वेळेपासून तासाभरात सुटणाऱ्या दुसऱ्या विमानात त्याची सोय केल्यास भरपाई द्यावी लागत नाही. पर्यायी विमान चोवीस तासांच्या आतले असेल तर एकेरी मूळ भाडे अधिक इंधन अधिभार यांच्या दुप्पट, पण जास्तीत जास्त १०,००० रुपये द्यावे लागतात. चोवीस तासांच्या पुढचे असेल तर चौपट, जास्तीत जास्त २०,००० रुपये. प्रवाशाने पर्यायी विमान घ्यायचे नाकारले तर तिकिटाचे सगळे पैसे परत आणि वर त्याच २०,००० च्या मर्यादेत चौपट भरपाई. हे पैसे रोख किंवा बँकेतून मिळायला हवेत. त्याऐवजी पुढच्या प्रवासाचे व्हाउचर द्यायचे असेल तर प्रवाशाची सही घेऊन त्याची संमती लागते.

वाचायला हे सगळे ठीक वाटते. मात्र या नियमाचा लाभ घेण्यासाठी प्रवाशाकडे पक्के तिकीट असावे आणि तो ठरलेल्या वेळेत काउंटरवर हजर झालेला असावा, अशी अट आहे. अट रास्तच आहे, पण पाणी मुरते ते इथेच. प्रवासी वेळेत आला की नाही हे ठरवणारी नोंद कंपनीच्याच संगणकात, कंपनीच्याच कर्मचाऱ्याने केलेली असते. ‘तुमची जागा आम्ही दुसऱ्याला विकली’ अशी नोंद केली तर कंपनीला पैसे मोजावे लागतात. ‘प्रवासी उशिरा आला’ किंवा ‘प्रवासी आलाच नाही’ अशी नोंद केली तर मोजावे लागत नाहीत, उलट प्रवाशाचेच भाडे बुडते. दोन नोंदींत एवढा फरक असताना आणि ती नोंद पाहण्याचा, तपासण्याचा किंवा तिची प्रत मागण्याचा मार्ग प्रवाशासमोर नसताना, कोणती नोंद जास्त वेळा होत असेल हे सांगायला फार हुशारी लागत नाही. सगळ्या कंपन्या सर्रास असे करतात असा माझा आरोप नाही. पण नियमाची रचनाच अशी आहे की असे करणारा सापडत नाही.

एक उदाहरण देतो. कंपनीचे नाव देत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. गुहागर तालुक्यातला एक तरुण एका व्यापारी जहाजावर कामाला आहे. चेन्नईच्या बंदरात त्याला जहाजावर रुजू व्हायचे होते आणि मुंबईहून चेन्नईचे तिकीट माझ्याकडूनच काढलेले होते. आदल्या दिवशी वेब चेक-इन करताना जागेचा क्रमांक आला नाही, काउंटरवर संपर्क साधावा असा संदेश आला. असा संदेश आला की आम्हा तिकीटवाल्यांना थोडी शंका येते. तांत्रिक कारणानेही तो येतो, पण विमान जास्त भरल्याचेही ते लक्षण असते. मी त्याला लवकर जायला सांगितले आणि रात्रीच्या खासगी बसने निघून तो विमानाच्या वेळेच्या खूप आधी विमानतळावर पोहोचला. काउंटरवर त्याला बाजूला थांबायला सांगितले गेले. थांबता थांबता काउंटर बंद झाला आणि मग, आता विमान बंद झाले, उद्या संध्याकाळच्या विमानात पाठवतो, असे उत्तर मिळाले. स्वखुशीने मागे राहणारा कोणी आहे का, असे कोणी विचारल्याचे त्याच्या तरी कानावर आले नाही. भरपाईसाठी नंतर मी ई-मेल केला, तेव्हा आमच्या नोंदीप्रमाणे प्रवासी काउंटरवर उशिरा आला, असे कंपनीने कळवले. नशिबाने विमानतळावर पोहोचल्याचे आईला कळावे म्हणून त्याने आत गेल्यागेल्या विमानांच्या वेळांच्या फलकाचा फोटो घरी पाठवला होता आणि त्यावर वेळ स्पष्ट दिसत होती. तो फोटो पाठवल्यावर, तुमचे म्हणणे आम्हाला मान्य नाही, तरीही सद्भावना म्हणून व्हाउचर देत आहोत, असे पत्र आले. जहाज बंदर सोडण्याआधी तो कसाबसा पोहोचला म्हणून बरे, नाहीतर एका जागेपायी कित्येक महिन्यांचा पगार गेला असता. हक्काच्या पैशांचे हे असे सद्भावनेत रूपांतर झाले, तेही एका फोटोच्या बळावर. ज्याने फोटो काढला नाही त्याने काय करायचे?

जास्त तिकिटे विकण्याचे समर्थन कंपन्या असे करतात की काही प्रवासी ऐन वेळी येत नाहीत, जागा रिकाम्या जातात, आणि त्या भरता आल्या तर सगळ्यांचीच तिकिटे थोडी स्वस्त राहतात. डीजीसीएच्या नियमातही या पद्धतीची दखल घेतलेली आहे, ती बेकायदा ठरवलेली नाही. हे म्हणणे अगदीच खोटे नाही. तिकिटाची तारीख सहज बदलता येणारे महागडे तिकीट घेतलेले लोक खरोखरच ऐन वेळी बेत बदलतात, आणि मागचे विमान उशिरा आल्याने जोडविमान चुकणारेही असतात. पण आपल्याकडे बहुसंख्य लोक स्वस्त तिकीट घेतात आणि असा प्रवासी आला नाही तर त्याला कर आणि विमानतळाची शुल्के तेवढी परत मिळतात, भाडे जवळजवळ सगळे बुडते. म्हणजे त्या रिकाम्या खुर्चीचे पैसे कंपनीला आधीच मिळालेले असतात. तीच खुर्ची दुसऱ्यांदा विकण्यात नफा आहे, आणि असू द्या. पण अंदाज चुकला तर तोटाही त्या नफ्यातूनच भरला गेला पाहिजे. रेल्वेसुद्धा जागांपेक्षा जास्त तिकिटे देते, मात्र आरएसी किंवा प्रतीक्षा यादी असे तिकिटावर स्पष्ट छापून देते, आणि चार्ट लागला की आपण कुठे आहोत हे घरबसल्या कळते. गणपतीला गावी येणारा चाकरमानी हे सगळे जाणून घराबाहेर पडतो. विमानाचे तिकीट मात्र प्रत्येकालाच पक्के म्हणून विकतात.

भरपाईच्या रकमेविषयीची तक्रार अशी. ती मूळ भाड्याच्या पटीत मोजली जाते. दोन महिने आधी, काटकसरीने तिकीट काढणाऱ्या प्रवाशाचे मूळ भाडे आणि इंधन अधिभार मिळून समजा २,४०० रुपये झाले, तर त्याला मिळणार ४,८०० रुपये. शेजारच्या रांगेत ऐन वेळी दुप्पट-तिप्पट पैसे मोजून तिकीट घेतलेल्याला १०,००० पर्यंत. मनस्ताप दोघांचा सारखाच, किंबहुना पहिल्याचा कदाचित जास्त. यामुळे कोणाला मागे ठेवायचे हे ठरवताना सर्वांत स्वस्त तिकीटवाला निवडणे कंपनीच्या फायद्याचे ठरते. युरोपीय संघाने २००४ साली केलेल्या आणि फेब्रुवारी २००५ पासून अमलात असलेल्या २६१ क्रमांकाच्या नियमात भरपाईचा भाड्याशी संबंधच ठेवलेला नाही. प्रवासाच्या अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरो, मग तिकीट कितीही स्वस्तात घेतलेले असो. हेच न्याय्य आहे, असे माझे मत आहे.

कोकणातल्या प्रवाशाला तर भाड्याच्या पटीतला हा हिशेब अजिबात परवडणारा नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला तेव्हा आम्हाला आनंद झाला होता, पण तिथली मुंबईची विमानसेवा पुढे बंद पडली. रत्नागिरीच्या विमानतळाची वाट तर आम्ही वर्षानुवर्षे पाहिली. सिंधुदुर्गातल्या लोकांना जानेवारी २०२३ पासून गोव्यातल्या मोपा विमानतळाचा आधार झाला, तरी खेड, दापोली, मंडणगड, चिपळूण, गुहागर या तालुक्यांतून आखातात नोकरीला जाणारे, जहाजांवर जाणारे आणि शिकायला जाणारे लोक मुंबईचाच रस्ता धरतात. हा रस्ता म्हणजे मुंबई-गोवा महामार्ग; त्याविषयी तुमच्या वाचकांना मी वेगळे काय सांगणार? घाट, वळणे आणि अर्धवट कामे यांचा हिशेब धरून माणूस विमानाच्या आदल्या रात्रीच घर सोडतो. पुण्या-मुंबईच्या प्रवाशाला मागे ठेवले तर तो रिक्षा करून घरी जातो आणि उद्या पुन्हा येतो, आमच्या माणसाला परत फिरायला अख्खा दिवस आणि पुन्हा यायला अख्खी रात्र लागते. म्हणून तो मुंबईतच राहतो: दिव्याला, विरारला, नालासोपाऱ्याला, कोणा मावशीच्या किंवा चुलत्याच्या दोन खोल्यांत. विमान कंपन्यांच्या चुकीची किती हॉटेले आमचे नातेवाईक फुकट चालवतात, याची नोंद कुठल्याच अहवालात होत नसेल.

नियम मोडल्याबद्दल सरकार काहीच करत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. मे २०२२ मध्ये डीजीसीएने कंपन्यांना या नियमाची आठवण करून दिली होती, आणि त्यानंतर बंगळुरू, हैदराबाद आणि दिल्ली येथे तपासणी करून जून २०२२ मध्ये एअर इंडियाला १० लाख रुपयांचा दंड केला होता, कारण मागे ठेवलेल्या प्रवाशांना भरपाई देण्याची तिची कार्यपद्धतीच धड नव्हती. डीजीसीएचे लोक प्रत्यक्ष विमानतळावर गेले म्हणून हे उघडकीस आले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. एरवी दर महिन्याला देशांतर्गत वाहतुकीच्या अहवालात किती प्रवाशांना जागा नाकारली आणि त्यांना काय दिले याचा तक्ता प्रसिद्ध होतो. पण तो कंपन्यांनी दिलेल्या माहितीवरून तयार होतो, आणि ज्याची नोंद ‘आलाच नाही’ अशी झाली तो माणूस या तक्त्यात कुठून येणार?

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा देशभर ओरड झाली, सरकारने भाड्यांवर मर्यादा घातली, कंपनीला भरपाई जाहीर करावी लागली. हे योग्यच झाले. पण विमान रद्द होते तेव्हा दीडशे-दोनशे माणसे एकाच वेळी एकाच काउंटरपुढे उभी असतात, त्यांचे व्हिडिओ निघतात, बातम्या होतात. जागा भरली म्हणून मागे ठेवलेला माणूस एकटा असतो, फार तर दोघे. त्यांच्यासाठी विमान थांबत नाही, बाकीचे प्रवासी आनंदाने निघून गेलेले असतात आणि साक्षीला कोणी उरत नाही. म्हणून त्याला कागदाची गरज सर्वांत जास्त आहे.

दुसऱ्या देशांत हा कागद आहे. युरोपच्या वर उल्लेखिलेल्या नियमानुसार चेक-इनच्या ठिकाणी प्रवाशांच्या हक्कांची सूचना ठळक अक्षरांत लावणे बंधनकारक आहे, आणि जागा नाकारलेल्या प्रत्येकाला त्याचे हक्क व भरपाईचे नियम सांगणारी लेखी सूचना द्यावी लागते. अमेरिकेतही अशा प्रवाशाला लेखी निवेदन द्यावे लागते; भरपाई कशी मोजतात आणि कोणाला आधी मागे ठेवायचे हे कंपनी कशावरून ठरवते, ते त्यात असते. तिथेही हे काही आपोआप झाले नाही. ग्राहकांसाठी लढणारे राल्फ नेडर यांना १९७२ मध्ये अशीच जागा नाकारली गेली. ते न्यायालयात गेले आणि १९७६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीवर दावा चालवण्याचा त्यांचा मार्ग मोकळा ठेवला. स्वखुशीने मागे राहणाऱ्यांना आधी विचारण्याची सक्ती त्यानंतर, १९७८ साली आली. एप्रिल २०१७ मध्ये शिकागोच्या विमानतळावर युनायटेडच्या विमानातून एका वयस्क डॉक्टरला सुरक्षा कर्मचाऱ्यांनी खुर्चीतून ओढत बाहेर काढले, ते दृश्य अनेकांना आठवत असेल. कंपनीला आपलेच चार कर्मचारी पाठवायचे होते, ८०० डॉलरपर्यंत देऊ करूनही कोणी उठायला तयार झाले नव्हते, आणि बोली आणखी वाढवण्याऐवजी कंपनीने चार प्रवासी निवडले. पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला की बोर्डिंग पास तपासून प्रवाशाला एकदा आत घेतल्यावर, केवळ जागा कमी पडते म्हणून त्याला उतरवता येणार नाही. आपण अशा दृश्याची वाट पाहावी का?

माझी मागणी फार मोठी नाही. पक्के तिकीट असलेल्या कोणत्याही प्रवाशाला कोणत्याही कारणाने विमानात घेतले नाही, तर कंपनीने त्याला जागच्या जागी एक चिठ्ठी द्यावी. तिच्यावर नाव, पीएनआर, प्रवासी काउंटरवर आल्याची वेळ, त्याला न घेण्याचे कारण, देऊ केलेले पर्यायी विमान आणि कर्मचाऱ्याची सही असावी. कारण ‘उशीर’ असेल तर तेही लिहावे. खरोखरच उशिरा आलेल्या प्रवाशाची बाजू मी घेत नाही. अशी चिठ्ठी दिली नाही, तर प्रवासी वेळेत आला होता असेच धरले जावे आणि उलट सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर राहावी. हे अवघड नाही. विमानतळाच्या दारात ओळखपत्र तपासले जाते, जिथे डिजियात्रा, म्हणजे चेहरा ओळखून आत सोडणारी सोय, आहे तिथे आत शिरल्याची वेळ यंत्रच टिपते, आणि वर कॅमेरे असतातच. पुरावा सगळा आहे, फक्त प्रवाशाच्या हाती काही नाही. त्याचबरोबर भरपाई भाड्याच्या पटीऐवजी अंतरानुसार ठरवावी, हा बदलही व्हायला हवा. पण तो होईल तेव्हा होवो, चिठ्ठीचा नियम महासंचालनालयाला एका परिपत्रकाने करता येईल.

ही चिठ्ठी आणि हक्कांची पाटी महाराष्ट्रातल्या विमानतळांवर मराठीत हवी, मोपाला मराठीत आणि कोकणीत हवी. प्रवाशांच्या हक्कांच्या सनदेची लिंक तिकीट काढल्यावर एसएमएस आणि व्हॉट्सॲपने पाठवावी, असे २०२५ मध्ये डीजीसीएने कंपन्यांना सांगितले आहे. पाऊल चांगले आहे, पण माझ्याकडून तिकीट नेणाऱ्या माणसाच्या फोनवर येणारा तो संदेश इंग्रजीत असतो, आणि त्याच दिवशी आलेल्या जाहिरातींच्या संदेशांत तो बुडून जातो.

तोवर ज्यांच्यावर हा प्रसंग येईल त्यांना एवढेच सुचवतो. दारात शिरताच वेळ दिसेल असा फोटो काढावा. वेब चेक-इनला जागा मिळाली नाही तर त्या पडद्याचा स्क्रीनशॉट ठेवावा. बाजूला थांबायला सांगितले तर थांबावे, पण काउंटर बंद होण्याआधी कंपनीला तिथूनच ई-मेल करून आपण हजर असल्याचे कळवावे, म्हणजे वेळेचा पुरावा आपोआप तयार होतो. व्हाउचरवर घाईने सही करू नये. कंपनीने दाद दिली नाही तर केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करता येते, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपन्यांच्या अटींमध्ये दिल्लीच्या किंवा अशाच कुठल्या दूरच्या न्यायालयाचा उल्लेख वाचून आमचे लोक तिथेच हाय खातात. जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. म्हणजे गुहागरच्या माणसाला रत्नागिरीत, वेंगुर्ल्याच्या माणसाला ओरोसला आणि श्रीवर्धनच्या माणसाला अलिबागला. घेतलेल्या सेवेची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, तक्रार ऑनलाइनही भरता येते आणि त्यासाठी घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे.

मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी आणि आपल्या भागातल्या खासदारांनी चिठ्ठीची ही मागणी महासंचालनालयाकडे लेखी न्यावी, अशी आपल्या पत्राद्वारे विनंती करतो. तुमच्या वाचकांपैकी ज्यांना अशा प्रकारे मागे ठेवले गेले आहे, त्यांनी आपापले अनुभव तारखेसह आणि तिकिटासह कळवले, तर त्या मागणीला आधार मिळेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
चिपळूण येथील एक तिकीट व्यावसायिक
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)